अजून दमट आहे

दिवाळीला आठ दिवस. अस्नोड्याला ऊन असं
की बालकांवाच्या सोप्यावर पापड भाजून घ्यावेत.
आज गालिचा काढला.
सगुणने बहारीनहून आणलेला, चौऱ्याण्णव साली,
विमानात मांडीवर घेऊन बसला होता म्हणे.
(खोटं. पण आम्ही तेच सांगतो.)

नरकासुराच्या पोरांनी उचलून बाहेर नेला,
सोप्यावर टाकला, मजुरी म्हणून
रद्दी मागितली आणि दोन पोती गवत.
"बाई, गालिचाच द्या ना, पोटात भरतो त्याच्या."
नाही म्हटलं. काठी घेतली.
पाठीवर मारायचं, तोंडावर नाही,
लोकरीचं तोंड एकदा पडलं की उठत नाही.
तीस वर्षं वरवरच झाडला होता.
खाणीच्या ट्रकांचा तांबडा भुगा निघाला,
एका कपाचा कान,
आणि वहिनीच्या गळ्यातला मणी,
ज्याचा आळ द्वारकीवर आला होता.
पुढच्या महिन्यापासून ती यायचीच बंद झाली.
मणी काडेपेटीत ठेवला. कुणाला द्यायचा, ठरवलं नाही.

आत आले तर जमीन.
लाल कोबा, इनास मेस्त्रीने सात दिवस
बाटलीच्या बुडाने घोटलेला,
आठव्या दिवशी मांजर चाललं त्यावरून,
तीन पावलं अजून आहेत, दाराशी.
गालिच्याखालचा चौकोन मात्र तेव्हाचाच, जसाच्या तसा,
आणि त्यात चार वळी, पांढुरकी.

बाबांच्या लोखंडी खाटेच्या पायांखाली
आई वाट्या ठेवायची, पाणी भरून,
मुंग्या चढू नयेत म्हणून.
साखर होती त्यांना. मुंग्यांना ते
डॉक्टरच्या आधी कळलं.
अकरा महिने वाट्या पाझरत राहिल्या.
सगुण बाराव्याला पोचला. वळ्यांकडे बघितलं,
बोलला काहीच नाही.
पुढच्या रजेत गालिचा घेऊन आला
आणि बरोबर तिथेच अंथरला. टेप लावून.

रंग जातो का, ते कोपऱ्यात बघितलं,
माडाचं व्हिनेगर पाण्यात घालून, पांढऱ्या फडक्यावर.
निळा उतरला नाही.
पण एक थेंब खाली पडला,
आणि मेस्त्रीची लकाकी गेली तिथली,
हरभऱ्याएवढी.
व्हिनेगर परत कपाटात. रिठे भिजत घातले.

उन्हात ओला ठेवला तर निळा विटतो,
म्हणून धुणं आतच, म्हणून खाली फ्लेक्स:
पंचायतीला पडलेला उमेदवार, हात जोडलेला,
सगळे दात दाखवणारा.
त्याला पालथा घातला, कडा वर दुमडल्या.
एक थेंब जाऊ दिला नाही त्याने.
निवडून आला असता तर
एवढं काम केलं नसतं.

बादली ओतायची नाही. फेस तेवढा घ्यायचा,
लव जिकडे झुकते तिकडे ब्रश,
लगेच कोरड्या पंच्याने टिपायचं,
पुन्हा फेस, पुन्हा पंचा.
गुडघे दुखतात. उठायचं, चहा घ्यायचा,
पुन्हा बसायचं.
संध्याकाळी पोरांना हाक मारली.
सोड्याच्या चार क्रेटांवर गालिचा चढवला,
वर पंखा, खालून वारा.
फ्लेक्स धुऊन दोरीवर टाकला.
शेजारची फातिमा म्हणाली, हा अजून हसतोच आहे.

दोन दिवस पंखा चालला.
मी मेण घेतलं, काथ्या घेतला,
उघडी जमीन घोटत बसले.
वळ्यांपाशी हात आपोआप गोल फिरायचा.
गेली नाहीत ती. मीही फार जोर लावला नाही.

रात्री सगुणचा फोन.
"सुकलो गे गालिचो?"
दुपारीच सुकला होता. पोटाखाली
हात घालून बघितलं होतं, खडखडीत.
म्हटलं, अजून दमट आहे.
"घाय करूं नाका," म्हणाला, "जमीन फुगतली."
नाही करत, म्हटलं.

दिवा लावला नाही. चपला दाराशी काढल्या,
मांजराच्या पावलांपाशी,
आणि चौथ्या वळ्यात टाच ठेवून उभी राहिले.
ते बाकीच्या तिघांपेक्षा जरा खोल आहे.
बाबा त्या कुशीवर झोपायचे.